गुन्हा उघडकीस कोण आणतो?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास या विषयांवर विद्वानांनी विवेचन केले, त्याच व्यासपीठावरून गुन्ह्यांच्या तपासासारखा रुक्ष विषय आम्ही मांडावा, हे काहींना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आम्ही विद्वान नव्हे, साधे बी. ए. आहोत. पोलीस अधिकारीही नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेतील आमची तीस वर्षे फाइलींच्या सहवासात गेली. त्यांपैकी बराच काळ अशा टेबलावर गेला, की जेथे सरकारी नोकरांवर खटला भरण्यास मंजुरी मागणारी तपासाची कागदपत्रे येत असत. शेकडो जबान्या, पंचनामे आणि अहवाल वाचता वाचता एक प्रश्न मनात घोळू लागला, आणि तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. तपासाच्या कामी अनेक प्रकारची माणसे राबतात. गस्तीचा शिपाई, ठाणे अंमलदार, तपासी अधिकारी, गुन्हे शाखेचा गुप्तहेर, प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ, नोंदी ठेवणारा कारकून, आणि सरतेशेवटी फिर्यादी व साक्षीदार. या सर्वांत गुन्हा उघडकीस आणण्यात कोणाचा वाटा किती?

हा प्रश्न केवळ पोलिसांचा आहे असे समजू नये. घरापासून हजार-दीड हजार मैलांवर, परभाषिक मुलखात संसार थाटलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगू.

गुन्ह्याचा तपास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम गुप्तहेर उभा राहतो. याला आपले वाचन कारण आहे. आमच्या वडिलांची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर वाढली. आम्ही त्याच जीर्ण झालेल्या प्रती वाचनालयातून आणून सुट्ट्या संपविल्या. या बंगालभूमीत आलो तेव्हा शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश आणि सत्यजित राय यांचा फेलूदा येथील घराघरांत तसेच स्थान मिळवून बसलेले आढळले. या सर्व कथांत एक समान सूत्र असते. स्थानिक पोलीस मठ्ठ असतो, साक्षीदार गोंधळलेला असतो, आणि एकटा बुद्धिमान मनुष्य राखेच्या कणावरून खुन्याचे नाव सांगतो. कथा म्हणून हे सारे रम्य आहे. परंतु प्रत्यक्षात काय घडते, याची मोजदाद कोणी केली आहे काय?

केली आहे, आणि ती मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेत झाली. रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेतील पीटर ग्रीनवुड, जान चेकिन आणि जोन पीटरसिलिया यांनी १९७५ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी दीडशेहून अधिक पोलीस दलांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागविण्यात आली, आणि पंचवीसहून अधिक दलांना प्रत्यक्ष भेटी देण्यात आल्या. निघालेले निष्कर्ष गुप्तहेरांच्या अभिमानाला धक्का देणारे होते. निम्म्याहून कितीतरी अधिक गंभीर गुन्ह्यांकडे तपास शाखेचे लक्ष वरवरच जाते. ज्या प्रकरणांचा छडा लागतो, त्यांत गुन्हेगार ओळखण्यापेक्षा तो ओळखल्यानंतरच्या कागदपत्रांतच तपासी अधिकाऱ्याचा अधिक वेळ खर्च होतो, असे त्यांना आढळले. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे होता. गुन्हा उघडकीस येणार की नाही, हे ठरविणारी सर्वांत प्रबळ गोष्ट म्हणजे फिर्यादीने घटनास्थळी प्रथम आलेल्या गणवेषधारी शिपायाला दिलेली माहिती होय. गुन्हेगाराची ओळख पटविणारी काही खूण त्या पहिल्या भेटीत मिळाली नाही, तर पुढे ती बहुधा मिळतच नाही.

या अहवालाने त्या देशात वादळ उठले. अनेक पोलीसप्रमुखांनी तो एकांगी ठरविला, आणि त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य होते. १९८३ साली जॉन एक या संशोधकाने घरफोडी व जबरी चोरी यांच्या तपासाचा निराळा अभ्यास केला. त्याच्या मते प्रकरणांचे तीन वर्ग पडतात. काही प्रकरणे वाजवी प्रयत्नांनी सुटण्यासारखी नसतात. काही आपोआपच सुटलेली असतात, कारण गुन्हेगाराचे नाव पहिल्या घटकेलाच हाती आलेले असते. या दोहोंच्या मध्ये तिसरा वर्ग असतो, आणि तेथे मात्र तपासी अधिकाऱ्याची चिकाटी फळ देते. प्रथम येणारा शिपाई आणि मागाहून तपास करणारा अधिकारी, या दोघांचेही श्रम त्याला जवळजवळ सारख्याच मोलाचे दिसले. तेव्हा गुप्तहेर निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच, की तो ज्या पायावर इमारत उभारतो, तो पाया दुसऱ्याच कोणीतरी, बहुधा पहिल्या तासाभरात, घातलेला असतो.

येथे कोणी म्हणेल, मग पोलिसांची गाडी लवकर पोहोचली म्हणजे झाले. यावरही मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील चार शहरांत केलेल्या आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की गंभीर गुन्ह्यांच्या दर हजार घटनांपैकी अवघ्या एकोणतीस प्रसंगी पोलीस त्वरेने आल्यामुळे अटक होऊ शकली. कारण उघड आहे. बहुतेक गुन्हे घडून गेल्यावर लक्षात येतात. आणि लक्षात आल्यावरही माणसे आधी घरच्यांना विचारतात, शेजाऱ्यांना बोलावतात, रडून घेतात, आणि मग पोलिसांना कळवितात. गाडी चार मिनिटांत आली काय किंवा आठ मिनिटांत आली काय, वेळ तत्पूर्वीच वाया गेलेला असतो.

आता आकडे बाजूला ठेवून एक प्रत्यक्ष प्रकरण पाहू. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात व आसपास १९७५ ते १९८० या काळात तेरा स्त्रियांचे खून झाले. शेकडो अधिकारी त्या तपासावर होते. हजारो लोकांच्या मुलाखती झाल्या, लक्षावधी नोंदी कार्डांवर उतरविल्या गेल्या. त्या कार्डांच्या वजनाने इमारतीच्या तक्तपोशीला आधार द्यावा लागला, असे सांगतात. खुनी पीटर सटक्लिफ हा या काळात नऊ वेळा पोलिसांच्या चौकशीत येऊन सुटला होता. तरीही त्याचे नाव धारण करणारी निरनिराळी कार्डे एकत्र आणून कोणी एका नजरेने पाहिली नाहीत. त्यातच १९७९ साली कोणा खोडसाळ माणसाने स्वतःला खुनी म्हणविणारी एक ध्वनिफीत पाठविली. वरिष्ठ अधिकारी त्या आवाजामागे धावू लागले, आणि तो प्रादेशिक उच्चार ज्याचा नाही तो संशयित नाही, असे धरून चालले. ती फीत पाठविणारा इसम २००५ साली डीएनए चाचणीमुळे सापडला. त्याचा खुनांशी काहीही संबंध नव्हता.

खुनी सापडला तो कसा? २ जानेवारी १९८१ रोजी शेफील्ड शहरात सार्जंट रॉबर्ट रिंग आणि उमेदवारीतला शिपाई रॉबर्ट हाइड्स हे दोघे नेहमीच्या गस्तीवर होते. एका काळोख्या जागी उभ्या असलेल्या मोटारीचा क्रमांक त्यांनी पडताळून पाहिला. तो दुसऱ्याच कोणा गाडीचा निघाला. क्रमांकाच्या पाट्या चोरीच्या होत्या. चालकाने लघुशंकेचे निमित्त करून दोन पावले दूर जाण्याची परवानगी मागितली होती. प्रकरण तेवढ्यावर मिटले असते. परंतु पुढच्या पाळीवर आल्यावर सार्जंट रिंगला ती गोष्ट खटकली. तो पुन्हा त्या जागी गेला, आणि पालापाचोळ्यात त्याला हातोडी व सुरी सापडली. पाच वर्षे प्रचंड यंत्रणेला जे साधले नाही, ते आपले रोजचे काम नीट करणाऱ्या दोन साध्या पोलिसांनी साधले.

तरीसुद्धा यावरून दैवाचा महिमा गाण्याचे कारण नाही. पुढे सर लॉरेन्स बायफोर्ड यांनी केलेल्या चौकशीत मुख्य दोष नोंदींच्या मांडणीत आढळला, आणि त्यातूनच ब्रिटनमध्ये मोठ्या तपासांसाठी संगणकाचा वापर सुरू झाला. फाइलींत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास ही गोष्ट विशेष जाणवते. कारकुनाची चेष्टा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. परंतु नऊ चौकश्यांची नऊ कार्डे एका दोऱ्यात ओवणारा एक सावध कारकून त्या कचेरीत असता, तर काही निरपराध स्त्रियांचे प्राण कदाचित वाचले असते.

नोंदीचे सामर्थ्य काय असते, याचा पहिला पुरावा तर आपण राहतो त्याच शहराने जगाला दिला आहे. १८९७ साली कलकत्त्यास जगातील पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. एडवर्ड हेन्री हे तेव्हा बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते. त्यांच्या हाताखालील काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांचे वर्गीकरण करण्याची रीत सिद्ध केली. बत्तीस आडव्या आणि बत्तीस उभ्या अशा एक हजार चोवीस कप्प्यांत ठशांचे कागद लावायचे, म्हणजे हजारो माणसांतून हवा तो कागद काही मिनिटांत हाती येतो. या पद्धतीला नाव मात्र साहेबांचे मिळाले. १९०१ साली स्कॉटलंड यार्डने हीच पद्धती उचलली.

याच कार्यालयाने जलपाईगुडीच्या प्रकरणाचा उलगडा केला. चहाच्या एका मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या स्थितीत आढळला. तिजोरी लुटली होती. स्वयंपाकी, मजूर अशा अनेकांवर संशय होता. परंतु मृताच्या कागदपत्रांत एक बंगाली पंचांग सापडले, आणि त्याच्या वेष्टनावर तांबूस डाग होता. तो अंगठ्याचा ठसा निघाला. कलकत्त्याच्या दप्तरातील ठशांशी ताडून पाहता तो कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराचा असल्याचे सिद्ध झाले. मृत व्यवस्थापकानेच त्याला पूर्वी चोरीबद्दल शिक्षा करविली होती, म्हणूनच त्याचा ठसा दप्तरी होता. १८९८ साली खटला चालला. आणि गंमत पाहा, न्यायालयाने चोरी शाबीत धरली, पण खुनाबद्दल दोषी ठरविले नाही. कारण खून करताना त्याला कोणी पाहिले नव्हते. शास्त्राने बोट दाखविले, तरी माणसाच्या साक्षीवाचून न्यायाचे पाऊल तेथेच अडले. या प्रकरणात किती हात लागले ते मोजा. पंचांग फेकून न देता जपून ठेवणारा तपासनीस, पूर्वीच्या चोरीच्या वेळी ठसा नीट उमटवून घेणारा अनाम कर्मचारी, तो योग्य कप्प्यात लावणारा कारकून, आणि शेवटी दोन ठसे जुळविणारा तज्ज्ञ. यांतील एकही हात चुकता, तर तज्ज्ञाची विद्या व्यर्थ गेली असती.

अलीकडे डीएनए चाचणीचा मोठा बोलबाला आहे, आणि तो सार्थ आहे. २००८ साली अमेरिकेतील पाच ठिकाणच्या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. घरफोडीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत डीएनएचा उपयोग केल्यास संशयित ओळखले जाण्याचे प्रमाण दुपटीवर जाते, असे त्यात दिसले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घटनास्थळावरून नमुना उचलणारा खास प्रशिक्षित तंत्रज्ञ असो की साधा गस्तीचा पोलीस असो, संशयित ओळखला जाण्यात तंत्रज्ञाचा नमुना सरस ठरला नाही. म्हणजे थोडे शिक्षण आणि थोडी साधने दिली, तर शिपाईही विज्ञानाचा दूत होऊ शकतो.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या ठाण्यातील तपासी अंमलदार हा तपासाचा अंमलदार असतोच, शिवाय मोर्चाच्या बंदोबस्ताचा, मंत्र्यांच्या दौऱ्याचा, उत्सवाच्या मिरवणुकीचा आणि न्यायालयीन तारखांचाही तोच अंमलदार असतो. सकाळी सुरू केलेली जबानी दुपारच्या बंदोबस्तासाठी अर्धवट टाकावी लागते, आणि तो दुसऱ्या दिवशी येईपर्यंत साक्षीदार गावी निघून गेलेला असतो. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने यावर विस्ताराने लिहिले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात तपासाचे काम कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळे करावे, आणि आरंभ दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांतून करावा, असा आदेश दिला. आदेश कागदावर सुस्पष्ट आहे. तो सर्वत्र मनापासून अमलात आलेला आहे असे मात्र म्हणवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणखी एक पाऊल टाकले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, असे तिने ठरविले, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तज्ज्ञ येईपर्यंत ती जागा सांभाळणारा शिपाई जर बघ्यांना आत सोडू लागला, तर तज्ज्ञाने पाहायचे काय?

आपल्या महाराष्ट्रातील काही उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेतच. त्यांकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रामन राघवने शहराची झोप उडविली होती. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या कुशल अधिकाऱ्याने तपासाची सूत्रे हाती घेतली. आरोपी पूर्वी एकदा हाती येऊन सुटला होता, त्यामुळे त्याचे छायाचित्र व बोटांचे ठसे दप्तरी होते. वरिष्ठांनी योजना आखली, दप्तराने चेहरा पुरविला, आणि ऑगस्ट महिन्यात अलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकाने रस्त्यात तो चेहरा ओळखला. तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हाच यश आले. चार्ल्स सोभराज तिहार तुरुंगातून पळाला, तेव्हा १९८६ च्या एप्रिलमध्ये गोव्यातील पर्वरीच्या एका उपाहारगृहात त्याला पकडणारे मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे होते. पंधरा वर्षांपूर्वी, १९७१ साली, त्यांनीच त्याला एकदा अटक केली होती. मुरलेल्या माणसाची स्मरणशक्ती ही एक स्वतंत्र नोंदवही असते. आणि दर दोन वर्षांनी बदल्या करून आपण अशा किती नोंदवह्या मिटवून टाकतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तर कोणीच विसरणार नाही. गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबची बंदूक नळीशी धरली, आणि गोळ्या अंगावर झेलून प्राण दिले. त्यांच्या शौर्याचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. परंतु त्या क्षणाचे तपासाच्या दृष्टीने मोल किती होते, तेही ध्यानात घ्यावे. आरोपी जिवंत हाती आला, म्हणून कटाचा उगम जगापुढे मांडता आला. पुढे न्यायालयात त्याला ओळखणाऱ्यांत वृत्तपत्राचा एक छायाचित्रकार होता, आणि पायाला गोळी लागल्यामुळे कुबड्या घेऊन आलेली एक लहान मुलगीही होती. तपास हा शेवटी अशा माणसांच्या खांद्यांवर उभा असतो.

बंधुभगिनींनो, एवढ्या विवेचनाचे तात्पर्य असे, की गुन्हा उघडकीस आणणारा सर्वांत परिणामकारक मनुष्य बहुधा कोणत्याही खात्याच्या पगारपटावर नसतो. तो फिर्यादी असतो, शेजारी असतो, पहारेकरी असतो, मोलकरीण असते. आणि येथेच आपला संबंध येतो.

आमच्या परिचयातील एक मराठी कुटुंब अशाच एका दूरच्या शहरी राहत होते. गणपतीसाठी गावी गेले असता त्यांचे घर फुटले. परतल्यावर गृहिणीने, आपल्या घरच्या वळणाप्रमाणे, प्रथम विस्कटलेले सामान आवरले, केर काढला, कपाटे पुसून घेतली. मग नागपूरच्या भावाला फोन झाला, पुण्याच्या मेव्हण्याचा सल्ला झाला, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास दुसरा दिवस उजाडला. तेथील भाषा धड येईना. समोर आलेल्या कागदावर न वाचताच सही झाली. शेजारच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने, शेगडी दुरुस्तीचे निमित्त सांगून आलेले दोन अनोळखी इसम पाहिले होते. ही गोष्ट महिन्याने सहज बोलण्यात निघाली. तोवर त्याला चेहरे आठवत नव्हते. त्या माउलीचे स्त्रीधन गेले ते गेलेच. त्या घरात दोष कोणाला द्यावा? परक्या मुलखात भानगड नको, ही आपली सर्वांचीच वृत्ती आहे. पण या वृत्तीमुळे चोराला फावते आणि शेजाऱ्याच्या घराची पाळी येते, हेही तितकेच खरे.

म्हणून काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. गुन्हा घडल्याचे कळताच जागा आहे तशी सोडावी. कशालाही हात लावू नये, झाडू तर मुळीच मारू नये. नातेवाइकांच्या आधी पोलिसांना कळवावे. जे आठवते ते, क्षुल्लक वाटले तरी, लगेच कागदावर मराठीत उतरवून ठेवावे: वेळ, कपडे, बोलण्याची ढब, वाहनाचा क्रमांक. जे पाहिले तेवढेच सांगावे. ऐकलेले आणि तर्काने जाणलेले वेगळे ठेवावे, आणि संशयाच्या भरात गरीब कामवालीचे नाव पुढे करू नये. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी ठाण्याने फिर्याद नोंदविली पाहिजे, असे आता कायदाच सांगतो. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन वाचून दाखविणे हे अंमलदाराचे कर्तव्य आहे, आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. जी लिपी वाचता येत नाही, तिच्यातील मजकूर समजावून घेतल्याखेरीज सही करू नये. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीस कळविण्याचेही बंधन आहे. साक्षीदार स्त्री असेल, किंवा साठ वर्षांवरील अथवा पंधरा वर्षांखालील असेल, तर जबानीसाठी तिला वा त्याला ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यावे लागते. हे हक्क ठाऊक असले म्हणजे ठाण्याची अर्धी भीती आपोआप कमी होते.

दुसरी विनंती पंचांविषयी. घरझडती किंवा जप्ती करताना त्या वस्तीतील निःपक्षपाती व प्रतिष्ठित माणसे पंच म्हणून लागतात. आपण सुशिक्षित माणसे अशा वेळी दार लावून घेतो, आणि मग पोलीस नेहमीचेच कोणीतरी धरून आणतात. न्यायालयात असा पंच उलटतपासणीत टिकत नाही, आणि वर्षभराची मेहनत मातीमोल होते. आमच्या टेबलावर आलेल्या कागदपत्रांतूनही हीच गोष्ट वारंवार दिसून आली. ज्या प्रकरणात स्वतंत्र, समंजस साक्षीदार उभा होता, ते प्रकरण पातळ फाइलीचे असूनही भक्कम असे. आणि ज्यात तो नव्हता, तेथे जाडजूड फाइलीचाही उपयोग होत नसे.

तिसरी सूचना मंडळासाठी. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण स्मरणिका काढीत आहोत, नाटक बसवीत आहोत, हे सर्व उत्तमच आहे. त्याबरोबर बंगाली उत्तम लिहिता-वाचता येणाऱ्या पाच-सहा सभासदांची एक यादी करावी. कोणाही मराठी कुटुंबावर असा प्रसंग आला, तर त्यांपैकी एकाने तासाभरात त्यांच्यासोबत ठाण्यावर जावे. विद्यार्थी, नवविवाहित मुली, बदलीवर नुकतेच आलेले कर्मचारी, आणि एकटे राहणारे वृद्ध यांना याचा फार आधार होईल. येथील पाड्यातील माणसे मोठी मायाळू आहेत. कोणाच्या घरी कोण आले-गेले याची त्यांना आपल्यापेक्षा अधिक माहिती असते. त्यांच्याशी सणासुदीपुरता नव्हे, रोजचा घरोबा ठेवावा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांनी ते परक्या गावी एकमेकांच्या हाकेला धावून जाण्यासाठीच स्थापिले, असे आम्ही समजतो.

तपास लावणारा मनुष्य कोण, या प्रश्नाचे आमच्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे. गस्तीचा शिपाई डोळे उघडे ठेवतो, कारकून नोंद जपतो, शास्त्रज्ञ खूण वाचतो, तपासी अधिकारी या साऱ्यांची सांगड घालतो. परंतु या सर्वांच्या आधी कोणीतरी पुढे होऊन खरे ते बोलावे लागते. ते कोणीतरी म्हणजे आपण.